मच्छीमार सोसायटीत एआय वापरायचंय? आधी वही काढा

दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत माझा पुतण्या मुंबईहून आला होता. मी पडवीत सोसायटीच्या वह्या पसरून बसले होते. "काकी, पानाचा फोटो काढ, एआय दोन मिनिटांत तक्ता करून देईल," म्हणाला. काढला. तक्ता खरंच दोन मिनिटांत आला, पण इंग्रजीत. 'मोरी ४० किलो' (मोरी म्हणजे लहान शार्क) या नोंदीसमोर 'ड्रेन ४० किलो' लिहिलेलं, आणि 'भांगाचे दिवस, मासळी कमी' (भांग म्हणजे कमी भरतीचे दिवस) याचा अर्थ त्यानं अमली पदार्थाशी नेऊन जोडला होता. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वाचून दाखवलं. चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे नौकेचा म्होरक्या, असलेला माणूस पोट धरून हसला. मग म्हणाले, "पण बेरीज बरोबर आहे का बघ." तीही नव्हती.

त्यानंतर दोन हंगाम मी हे नेटानं केलं. आमची गिलनेटची, म्हणजे पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्यात मासा अडकवणारी, एक नौका आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या सोसायटीचा हिशेब माझ्याकडे आहे. जे ठेचकाळून शिकले ते इथे क्रमानं लिहिते आहे, म्हणजे तुमचे सहा महिने वाचतील. एक गोष्ट आधीच सांगते. यातून मासळी वाढत नाही. डिझेल कमी जळतं, पिल्लं जाळ्यात येणं थोडं कमी होतं आणि कागद जागेवर राहतात. मासळी दुप्पट करून देणारं एआय कोणी विकायला आलं तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

काय काय लागेल

- जाड पुठ्ठ्याची वही आणि बॉलपेन. शाईपेन नको, खाऱ्या हाताला शाई पसरते.
- बऱ्या कॅमेऱ्याचा एक अँड्रॉइड फोन आणि त्याला पाणी न शिरणारी पिशवी.
- स्टीलची फूटपट्टी, आणि मोठ्या माशांसाठी खुणा केलेली फळी.
- नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, विमा, डिझेलची बिलं. यांचे फोटो फोनमध्ये एकाच फोल्डरमध्ये ठेवा.
- घरातलं एक माणूस, जे दर रविवारी तासभर बसेल. हे मिळणं सगळ्यांत अवघड.

चॅटबॉट म्हणजे प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारं एआय. पैसे भरून घ्यायचे चॅटबॉट पहिल्या वर्षी घेऊ नका. फुकटात मिळतं तेवढं पुरतं.

## १. पहिले तीन महिने फक्त वही

एआयला तुमचा समुद्र माहीत नाही. त्याला तुमच्याबद्दल जे कळेल ते तुमच्या वहीतूनच. म्हणून नारळी पौर्णिमेला नौका पाण्यात गेली की त्या दिवसापासून लिहायला लागा. रकाने असे ठेवा: निघाल्याची तारीख आणि वेळ, परतल्याची वेळ, तिथी, साधारण दिशा, खोली, जाळ्याचा आस (जाळ्याच्या छिद्राचं माप), मासळीचं नाव, वजन, लिलावात मिळालेला दर, डिझेल लिटरमध्ये, खलाशी किती.

तिथी का, असं पोरं विचारतात. उधाण आणि भांग दोन्ही तिथीवरून कळतात आणि आपली मासळीही त्यावर चालते. इंग्रजी तारखेच्या तक्त्यात हे दिसतच नाही.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला नावांचा. आमच्याकडे मुशी म्हणतात तिला मालवणकडे मोरी म्हणतात, आणि दोन्हीकडचे खलाशी एकाच नौकेवर असले की एकाच मासळीच्या दोन ओळी होतात. हलव्याला इंग्रजीत 'ब्लॅक पॉम्फ्रेट' म्हणतात, म्हणून यंत्र त्याला पापलेटात ढकलतं. खरं तर तो पापलेटाच्या कुळातलाच नाही. वहीच्या शेवटच्या पानावर नावांची यादी करा आणि एका मासळीला एकच नाव ठरवून टाका.

दुसरा खड्डा मापाचा. टप, पाटी, क्रेट, जे मोजता ते लिहा, पण एकदा काट्यावर वजन करून 'आमचा टप म्हणजे इतके किलो' हे पक्कं करा. आम्ही पहिला महिना नुसते 'दोन टप' लिहीत गेलो. नंतर कळलं की बंदरावर दोन आकारांचे टप आहेत. तो महिना फुकट गेला.

## २. इन्कॉइसची सूचना वाचायला शिका

हैदराबादला इन्कॉइस नावाची केंद्र सरकारची संस्था आहे. ती मासळी सापडण्याची शक्यता असलेल्या क्षेत्रांची सूचना काढते. बंदरावर तिला सगळे 'पीएफझेड' म्हणतात. ती मराठीतही मिळते आणि फुकट असते. संस्थेच्या 'समुद्र' नावाच्या ॲपवर लाटा, वारा आणि ही सूचना एकत्र दिसते.

यामागचं गणित आबांना एका वाक्यात पटलं, म्हणून तसंच सांगते. उपग्रह पाण्याचं तापमान आणि पाण्याचा हिरवेपणा बघतात. गार आणि कोमट पाणी जिथे भिडतं तिथे शेवाळासारखं बारीक प्लवक वाढतं, त्याच्यामागे तारली-बांगडा येतो आणि त्याच्यामागे सुरमई, कुपा. आबा म्हणाले, "म्हणजे पाण्याचा रंग बदलतो ती रेघ. ती आम्ही डोळ्यांनी बघतो." बरोबर आहे, पण डोळ्याला नौकेपासून चारी बाजूंना जेमतेम काही मैल दिसतं.

सूचनेत बंदराचं किंवा दीपगृहाचं नाव, दिशा, कोन, अंतर किलोमीटरमध्ये, खोली मीटरमध्ये आणि अक्षांश-रेखांश असतात. आपण बोलतो मैलात आणि वावात. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, वाव म्हणजे सहा फूट, साधारण १.८३ मीटर. ३६ मीटर म्हणजे वीस वावाला थोडं कमी. हे रूपांतर चॅटबॉटकडून करून घेता येतं, पण मी एक छोटा तक्ता छापून केबिनमध्ये चिकटवला. समुद्रात रेंज नसते. जे लागेल ते निघण्याआधी फोनमध्ये उतरवून घ्या.

कुठे चालत नाही तेही ऐका. आभाळ भरलेलं असलं की उपग्रहाला पाणी दिसत नाही आणि सूचना येत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत ती नसतेच. खुंटाला बांधलेल्या डोलजाळ्याला तिचा उपयोग नाही, कारण जाळं जागा सोडत नाही. तळाच्या कोळंबीसाठीही तिच्यावर विसंबू नका. ती वरच्या थरातल्या, थव्यानं फिरणाऱ्या मासळीची आहे. आणि सूचना सगळ्यांनाच मिळते, त्यामुळे त्या जागी तुमच्याआधी चार नौका असतील.

आम्हाला ती उपयोगी पडली ती 'कुठे जाऊ नये' यासाठी. नेहमीच्या जागेच्या आसपास काही नसेल आणि सूचना उलट दिशेला असेल, तर त्या दिवशी आबा जाळी दुरुस्त करायला घेतात.

एक गोंधळ आमच्या सोसायटीच्या सभेत झाला होता, तुमच्याकडे होऊ नये. इन्कॉइसनं २०१९ मध्ये मच्छीमारांसाठी 'जेमिनी' नावाची एक पेटी आणली. ती उपग्रहावरून संदेश घेते आणि ब्लूटूथनं मोबाइलला देते, म्हणजे रेंज नसतानाही इशारा पोचतो. गूगलच्या चॅटबॉटचं नावही जेमिनी. सभेत अर्धा तास एक बाजू पेटीबद्दल बोलत होती आणि दुसरी चॅटबॉटबद्दल, आणि दोन्ही बाजू रागावल्या होत्या.

## ३. हवामान चॅटबॉटला विचारायचं नाही

हा नियम आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारी लिहून लावला आहे.

शेजारच्या नौकेवरच्या एका पोरानं मे महिन्यात फोनला विचारलं, उद्या समुद्र कसा राहील. उत्तर आलं, शांत, वारा मंद, मासेमारीला अनुकूल. कुठल्या तारखेच्या कुठल्या माहितीवरून, ते त्यात नव्हतं. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा त्याच दुपारी लागला होता. तांडेलानं बंदरावरचा धोक्याचा बावटा बघितला म्हणून नौका गेली नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा हंगाम चालू होता, हे विसरू नका.

गोड भाषेत खात्रीनं बोलणं हा या यंत्राचा स्वभाव आहे. माहिती असली काय, नसली काय, आवाज तोच. म्हणून निघायचं की नाही हे फक्त तीन ठिकाणांवरून ठरवा: हवामान खात्याचा इशारा, इन्कॉइसचा लाटांचा अंदाज आणि बंदरावरचा बावटा. तिघांपैकी एकानं नाही म्हटलं की नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक खलाशाच्या फोनमध्ये असू द्या.

## ४. आता वहीचा फोटो

तीन महिन्यांची वही झाली की एआयला कामाला लावा. फोटो दिवसा, सावलीत, पान सपाट धरून काढा. एका वेळी एकच पान द्या. आधी हे लिहून द्या, मी शब्दशः देते:

"तू मच्छीमार सोसायटीचा कारकून आहेस. या पानाचा मराठीत तक्ता कर. भाषांतर करू नकोस. मोरी म्हणजे मुशी, लहान शार्क. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी भरती. वाव हे खोलीचं माप आहे. जे वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक, अंदाजानं भरू नकोस. बेरीज करू नकोस."

शेवटची दोन वाक्यं सगळ्यांत महत्त्वाची. प्रश्नचिन्ह टाकायला सांगितलं नाही तर ते रिकामी जागा आपल्या मनानं भरतं, आणि भरलेला आकडा इतका शहाणा दिसतो की आपल्याला शंका येत नाही. आबांचा नऊ एकासारखा दिसतो. ९० लिटर डिझेल १० लिटर झालं आणि त्या महिन्यात आमची नौका जणू वाऱ्यावर चालली. बेरीज चॅटबॉटकडून नको. तक्ता गूगल शीटमध्ये घालून तिथे करा, आकडे नीट भरले असतील तर तिथली बेरीज चुकत नाही.

मग दर पानाच्या तीन ओळी वहीशी ताडून बघा: पहिली, मधली कुठलीही, शेवटची. एक जरी चुकली तरी पूर्ण पान तपासा.

तक्ता साफ झाल्यावर प्रश्न विचारायला मजा येते. 'कोणत्या फेऱ्यांत डिझेलचा खर्चही निघाला नाही?' हा मी पहिला विचारला. त्या फेऱ्या वेगळ्या काढल्यावर दिसलं की बऱ्याचशा भांगातल्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या तर शेजारची नौका गेली म्हणून आम्ही गेलो अशा. आबांना हे आवडलं नाही. पण या हंगामात भांगात नौका दोनदाच गेली.

प्रश्न छोटे ठेवा. 'आमचा धंदा कसा सुधारेल' असं विचारलंत तर दहा मुद्द्यांचं भाषण मिळेल, ज्यात शीतगृह बांधा आणि निर्यात करा असं असेल.

## ५. मासा मोजणं

महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. रुपेरी पापलेटाला १३५ मिलिमीटर, सुरमईला ३७०. त्याच वर्षी रुपेरी पापलेट राज्यमासा झालं. पिल्लू पापलेट बाजारात चालतं म्हणून धरलं जातं, हे आपण सगळे जाणतो. मी सोवळ्यात नाही. पण अंडी न घातलेलं पापलेट उचललं तर पुढच्या हंगामात कमी मिळणार, हे कळायला एआय लागत नाही.

फोनचा उपयोग असा करा. दर फेरीत पापलेटाचे कुठलेही वीस नग न निवडता उचला, फूटपट्टीशेजारी ओळीनं मांडा, वरून सरळ फोटो काढा. तिरका फोटो काढला की लांबी फसते. एआयला फोटोवरून लांबी वाचायला सांगता येतं, पण पट्टी फोटोत हवी, नाहीतर ते अंदाज ठोकतं. दोन-तीन महिन्यांचे आकडे झाले की कुठल्या आसाच्या जाळ्यात बारीक माल जास्त येतो ते उघड दिसतं. आमच्याकडे एक जुनं जाळं त्यावरूनच बाद झालं.

मासा ओळखायची ॲप आहेत, पण त्यांना ओला, चुरगळलेला, टपात दाबलेला मासा नीट कळत नाही. धुऊन, पंख उघडून, एकटा ठेवून फोटो द्या. तरीही पापलेट आणि हलव्यात गफलत झाली तर बंदरावरच्या कुठल्याही मावशीला विचारा, ती न थांबता सांगेल.

## ६. जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क आला तर

कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन हे संरक्षित प्राणी. जाळं कापून त्यांना सोडलं तर २०१८ च्या अखेरीपासून राज्यात २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग ती चालवतात. पुरावा मुख्यतः फोटोंचा. म्हणून फोनमध्ये जागेची आणि वेळेची नोंद फोटोवर उमटेल अशी सोय आधीच चालू ठेवा. प्राणी जाळ्यात असतानाचा, जाळं कापतानाचा, तो पाण्यात गेल्याचा आणि कापलेल्या जाळ्याचा, असे चार फोटो घ्या. नौकेचा क्रमांक एकात तरी दिसू द्या.

अर्जाचा मजकूर एआयकडून लिहून घ्यायला हरकत नाही. फक्त घटना तुम्ही बोलून सांगा आणि आलेला अर्ज मोठ्यानं वाचा. माझ्या पहिल्या मसुद्यात त्यानं 'आम्ही सागरी जैवविविधतेच्या रक्षणार्थ कटिबद्ध आहोत' असं घातलं होतं. आमच्या तांडेलानं हे वाक्य वाचून विचारलं, "हे कोण बोललं?" काढून टाकलं. फोटो मात्र एआयकडून सुधारून घेऊ नका. उजळ केलेला, साफ केलेला फोटो पुरावा म्हणून संशयात येतो.

## ७. परिपत्रकं आणि अर्ज

शासन निर्णय पंधरा पानांचा असतो आणि आपल्याला लागणारी ओळ अकराव्या पानावर. फाइल चॅटबॉटला द्या आणि असं विचारा: 'यांत्रिक गिलनेट नौकेला काय लागू आहे? ज्या कलमात आहे त्याचा क्रमांक आणि मूळ वाक्य दे.' मूळ वाक्य मागितल्याशिवाय उत्तर घेऊ नका. मग ते वाक्य कागदावर स्वतः शोधा. सापडलं नाही तर उत्तर खोटं समजा. स्कॅन केलेल्या जुन्या कागदांत जोडाक्षरं फुटतात आणि तिथे यंत्र कलमं चक्क रचतं.

आधार, बँक पासबुक, खलाशांचे फोटो हे चॅटबॉटमध्ये कधीही टाकू नका. राष्ट्रीय मत्स्य डिजिटल प्लॅटफॉर्मवर नोंदणी करायची असेल तर ती थेट तिथेच किंवा सेवा केंद्रात जाऊन करा. चॅटबॉटला फक्त 'कोणते रकाने असतात' एवढं विचारा.

## ८. तुमची जागा तुमच्याकडेच ठेवा

माझं मत इथे थोडं कडवट आहे. प्रत्येक घराण्याच्या समुद्रात काही जागा असतात, खडपं असतात, जी बापानं मुलाला दाखवलेली असतात. त्यांचे अक्षांश-रेखांश कुठल्याही ॲपमध्ये, चॅटबॉटमध्ये, शीटमध्ये लिहू नका. आमच्या वहीत त्या जागांना टोपणनावं आहेत, 'आत्याची', 'घंटा'. तक्त्यालाही तेवढं पुरतं.

सरकारी ट्रान्सपाँडरचा विषय वेगळा. इस्रोनं बनवलेली ही यंत्रणा एक लाख नौकांवर बसवण्याची योजना ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला सुरू झाली. संकटात संदेश जातो, इशारा येतो, तेही रेंज नसताना. ती बसवून घ्या. जानेवारी २०२५ पासून राज्याच्या किनाऱ्यावर ड्रोननंही नजर ठेवली जाते, आणि परराज्यातल्या मोठ्या ट्रॉलर व एलईडी दिव्यांनी मासे ओढून धरणाऱ्यांवर कारवाई व्हायला तो पुरावा लागतो. जगभरातल्या मोठ्या जहाजांच्या हालचाली एआयनं नकाशावर मांडणारं 'ग्लोबल फिशिंग वॉच' फुकट बघता येतं. एकदा जरूर बघा. आपल्या छोट्या नौका त्यात जवळजवळ नसतात. जो दिसत नाही त्याचा हिशेब कोणी धरत नाही, म्हणून बंदराचा, भरावाचा किंवा नुकसानभरपाईचा विषय निघाला की सोसायटीकडे स्वतःच्या तारीखवार नोंदी असलेल्या बऱ्या. जागा नको, पण वजन, दिवस, डिझेल यांची बेरीज सोसायटीच्या नावानं एकत्र ठेवा.

## ९. महिन्याचा कागद भिंतीवर लावा

तक्ता फोनमध्ये ठेवला की तो एकट्याचा राहतो. दर महिन्याला एका पानाची छापील प्रत काढा, मोठ्या अक्षरात, आणि सोसायटीच्या भिंतीवर लावा. नौकांची नावं नकोत, नाहीतर भांडणं लागतात. फक्त एकूण फेऱ्या, एकूण डिझेल, मासळीवार वजन आणि सरासरी दर.

आमच्याकडे पहिला कागद लागला तेव्हा पुरुषांनी डिझेलचा आकडा बघितला आणि पुढे गेले. बायका थांबल्या. लिलावात माल घेऊन गावोगाव विकतात त्या. एकीनं बोट ठेवून विचारलं, "यात बर्फ कुठाय? निम्मा पैसा तर बर्फात जातो माझा." वहीत बर्फाचा रकानाच नव्हता. आम्ही सगळा हिशेब नौका जेट्टीला लागेपर्यंतचाच धरला होता.

या नारळी पौर्णिमेपासून तो रकाना घातला आहे. लिहायचं काम तिनेच घेतलंय.